चार माणसांची भीती आणि मोबाइलचा आडोसा

"पोरगा वाया गेला, दिवसरात्र मोबाइलमध्येच असतो," ही तक्रार आज आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येते. जळगाव असो, भुसावळ असो, धुळे असो की शिरपूर-अमळनेर. हमाली करणारा बाप आणि धुणीभांडी करणारी माय, दोघांच्याही तोंडी हेच. पोटाला चिमटा काढून मोबाइल घेऊन दिला, महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारला, आणि आता पोरगा आल्यागेल्याशी बोलत नाही, लग्नकार्याला येत नाही, कॉलेजला जातो म्हणून सांगतो आणि जात नाही. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु आज या सदरातून आम्हाला थोडा निराळा प्रश्न विचारायचा आहे. आपला मुलगा मोबाइलकडे धावतो आहे, की माणसांपासून पळतो आहे?

दोन्हींत वरवर फरक दिसत नाही. कोपऱ्यात बसलेला, मान खाली घातलेला मुलगा दोन्ही वेळा तोच असतो. पण उपाय मात्र या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून आहे.

एसटीचा पास काढून खेड्यावरून जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजात येणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. वर्गात तो मागच्या बाकावर बसतो. हजेरीला "येस सर" म्हणतो, तेवढाच त्याचा आवाज. उत्तर येत असते, पण सरांची नजर आपल्याकडे वळली की घसा कोरडा पडतो. तोंडी परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येते. चार जणांसमोर घास घशाखाली उतरत नाही, म्हणून डबा तसाच घरी परत येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली तर खिडकीवर जाऊन कारकुनाला विचारण्याचे धाडस होत नाही. तो दोन वेळा रांगेत उभा राहतो, नंबर जवळ आला की बाहेर पडतो, आणि तेवढ्यापायी वर्षाची शिष्यवृत्ती बुडते. घरी कळते ते फक्त एवढेच, की पोराने निष्काळजीपणा केला. मग बोलणी बसतात. बोलणी बसली की पोरगा पांघरुणात शिरतो आणि पहाटे दोनपर्यंत मोबाइल पाहत राहतो.

याला आळस म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. लाजाळूपणा हा पुष्कळांचा स्वभाव असतो आणि त्यात वाईट काही नाही. लाजाळू माणूस सुरुवातीला बिचकतो आणि मग रुळतो. परंतु काहींना 'लोक आपल्याला पाहतील, हसतील, आपली फजिती होईल' याची भीती इतकी असते की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, शब्द फुटत नाही. हे महिनोन् महिने चालते आणि त्यापायी शिक्षण, नोकरी, नातीगोती अडून राहतात. मानसोपचारतज्ज्ञ यास सामाजिक चिंताविकार म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद केली. बहुधा तो वयात येण्याच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे कॉलेजात पाऊल ठेवतेवेळी मुलाने तीनचार वर्षे ही भीती एकट्याने वागवलेली असते.

डॉक्टरांनी नोंद अलीकडे केली, तरी ही भीती नवी नाही. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात भगवान बुद्धांनी माणसाच्या पाच भयांची गणना केली आहे. पहिले उपजीविकेचे, दुसरे अपकीर्तीचे, चौथे मरणाचे, पाचवे दुर्गतीचे. आणि तिसरे आहे परिसासारज्जभय, म्हणजे परिषदेत, चार माणसांत गेल्यावर माणूस बावरतो ते भय. मरणाच्या पंक्तीला तथागतांनी हे भय बसवले आहे, हे लक्षात घ्या. आपण मात्र ते "एवढंसं बोलायला काय होतं?" म्हणून उडवून लावतो!

आता मोबाइलचे पाहू. बावरलेल्या मुलाला मोबाइल का गोड वाटतो? तिथे आपला घाम कोणाला दिसत नाही. आवाज कापलेला ऐकू येत नाही. लिहिलेले वाक्य खोडून पुन्हा लिहिता येते. नको असेल तेव्हा गप्प बसता येते. खरे नाव, खरा चेहरा न दाखवताही शेकडो लोकांत वावरता येते. स्कॉट कॅप्लन या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली हाच मुद्दा मांडला, की समोरासमोर बोलण्यापेक्षा इंटरनेटवरचे बोलणेच ज्याला सोयीचे वाटू लागते, त्याचा इंटरनेटचा वापर हाताबाहेर जाण्याचा धोका अधिक.

धोका का, तेही समजून घेतले पाहिजे. भीती वाटली आणि आपण तिथून निघून आलो की लगेच बरे वाटते. हे बरे वाटणेच मनाला शिकवते, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होऊन येते. आडोशाला बसणाऱ्याला आडोसा सोडणे दिवसेंदिवस जड जाते. क्लार्क आणि वेल्स या दोघा इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले, की असा माणूस लोकांत असताना समोरच्याकडे पाहतच नाही. त्याचे सारे लक्ष स्वतःच्या धडधडीकडे असते. कोणी हसले का, हे तो खरे पाहतच नाही, पण सगळे हसले असे समजून घरी येतो. बसस्टँडवर, वर्गाबाहेर, लग्नाच्या मांडवात ही मुले मोबाइलमध्ये तोंड घालून का उभी असतात, याचे उत्तर यात आहे. त्या वेळी मोबाइल हे त्यांचे तोंड झाकण्याचे फडके असते.

या पिढीवर काळानेही घाव घातला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि पुढे इंटरनेट इतके स्वस्त झाले की पत्र्याच्या घरातही ते पोहोचले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळा-कॉलेजे बंद झाली आणि मास्तर, फळा, परीक्षा सगळे त्या लहानशा काचेत आले. ज्या वयात पोरे चारचौघांत भांडतात, रुसतात, पुन्हा एक होतात आणि त्यातून माणसांत राहणे शिकतात, ती वर्षे चार भिंतींत गेली. तेव्हा आपणच "मोबाइल घे आणि अभ्यास कर" म्हणालो. दोष द्यायचा तर एकट्या पोरांना देता येणार नाही.

मोबाइल पाहणारा प्रत्येक जण व्यसनी, असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. त्याची खूण तासांच्या हिशोबात दिलेली नाही. स्वतःला आवर घालता येत नाही, बाकी सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, असे सुमारे वर्षभर चालले तर तो विकार. म्हणून "किती तास?" एवढेच विचारू नका. झोप गेली का? हजेरी गेली का? जेवण, अंघोळ, मित्र सुटले का? पैसे जातात का? हे पाहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. तरीही कोणी चोरवाटेने खेळवत असेल तर त्यात पोराचे भले नाही, हे त्याला न चिडता सांगा.

आता आपल्या घरच्या, आपल्या समाजाच्या गोष्टीकडे वळतो. भीती सर्व जातीच्या मुलांना असते. पण आपल्या मुलांच्या भीतीला आणखी काही पायऱ्या आहेत. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या ही मुले एकट्याने चढतात. तोंडून "मी जास" निघून गेले की मागून कोणी हसते, आणि त्या दिवसापासून पोरगा तोंड उघडत नाही. अशा मुलामुलींना एक सांगावेसे वाटते. आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या, आणि त्यांनी रचले ते आपल्या बोलीत रचले. बोलीची लाज वाटण्याचे खानदेशात तरी काही कारण नाही.

दुसरी पायरी आडनावाची. "पूर्ण नाव काय?" "कोणत्या कोट्यातून?" "तुला किती टक्क्यांना मिळाले?" हे प्रश्न वरून साधे दिसतात. विचारणाऱ्याचा रोख मात्र पोरांना बरोबर कळतो. कित्येक मुले म्हणूनच इंटरनेटवर आडनाव लिहीत नाहीत. इथे पालकांनी सावध राहावे. जे भय मनाने रचलेले आहे ते वेगळे, आणि कोणी खरोखरच अपमान करीत असेल तर ते वेगळे. दुसऱ्याला आजार म्हणू नका.

बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग याच खानदेशातला, १९२९ सालचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. धुळ्याकडून ते चाळीसगावी उतरले. त्यांना टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. शेवटी, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशातून शिकून आलेल्या विद्वानालाही टांगेवाला कमी लेखतो, हे त्यांनी जगासमोर मांडले. अपमान झाला ती लाज टांगेवाल्यांची होती, बाबासाहेबांची नव्हे. आपल्या मुलांना एवढे एक कळले तरी अर्धी मान वर येईल.

अपमान आता मोबाइलमधूनही घरात येतो. मूळच्या जळगावच्या आदिवासी कन्या डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. वरच्या वर्गातील तीन डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, व्हॉट्सअॅपच्या गटातही अपमान केला, असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोन मातांनी कॉलेजांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. या मातांचे आपल्यावर ऋण आहे. म्हणून मुलगा किंवा मुलगी एकाएकी गप्प झाली तर पहिला प्रश्न "मोबाइलमध्ये काय करतेस?" हा नसावा. "तुला कोणी काही बोललं का?" हा असावा. आलेले संदेश पुसू नका, जपून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या नियमांत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष असावा असे सांगितले आहे. आपल्या कॉलेजात तो कोठे आहे, हे पालकांनी जाऊन विचारावे. विचारणारे कोणी आहे, एवढे दिसले तरी फरक पडतो.

मुलींविषयी दोन शब्द. मुलीच्या फोटोचा कोणी गैरवापर केला, घाणेरडे संदेश पाठवले, तर ती घरी सांगत नाही. कारण तिला ठाऊक असते, की त्या मुलाला शिक्षा होवो न होवो, आपले कॉलेज मात्र बंद होईल आणि लग्नाची घाई सुरू होईल. बापाने आणि भावाने आजच तिला शब्द द्यावा, की "तुझं शिक्षण थांबणार नाही." अशा गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते, पण तक्रार करायची तर आधी मुलीला घरात तोंड उघडता आले पाहिजे.

मग घरात करायचे काय? मोबाइल हिसकावून घेणे, फोडून टाकणे हा उपाय नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज त्यावर, परीक्षेचा निकाल त्यावर, बँकेचा ओटीपी त्यावर. आडोसा काढून घेतला आणि ऊन तसेच राहिले तर पोरगा दुसरा आडोसा शोधील, आणि तो याहून वाईट असू शकतो.

तथागतांनी पाच भये सांगितली, तशी ती ओलांडून जाण्याची चार बळेही तिथेच सांगितली आहेत. प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल. आम्हाला वाटते, आजच्या या दुखण्यालाही ती चांगली लागू पडतात.

प्रज्ञा म्हणजे दुखणे ओळखणे. मुलाला समजावून सांगा, की तू वेडा नाहीस, आळशी नाहीस. ही एक भीती आहे, तिला नाव आहे आणि ती कमी होते. पाहुण्यांसमोर "आमचा हा घुम्या आहे" असे म्हणणे आजपासून बंद करा. तेवढ्या एका वाक्याने महिन्याची मेहनत वाया जाते.

वीर्य म्हणजे प्रयत्न, आणि प्रयत्न पायरीपायरीने. डॉक्टरही हीच रीत वापरतात. आधी किराणा दुकानात जाऊन भाव विचारायचा. मग एसटीच्या कंडक्टरला "पुढची गाडी किती वाजता?" म्हणून विचारायचे. मग मावशीला फोन लावून दोन मिनिटे बोलायचे. मग तास संपल्यावर सरांना एकट्याने गाठून एक शंका विचारायची. मग कॉलेजच्या खिडकीवर जायचे. भीती वाटली तरी लगेच पळायचे नाही, थोडे थांबायचे. थांबले की धडधड आपोआप उतरते, हे अंगानेच शिकायचे असते. एकच पायरी पाचसहा वेळा चढली की मगच पुढची. घरच्यांनी सोबत जावे, पण मुलाच्या ऐवजी बोलू नये.

अनवद्य म्हणजे ज्याला कोणी नाव ठेवू शकणार नाही असे वागणे. ज्याला लपवायचे काही नसते त्याची नजर सरळ राहते. खोट्या नावाची खाती, खेळात हरलेले पैसे, मोबाइलवरून काढलेले चोरटे कर्ज, हे ओझे असले की माणूस घरातल्यांचीही नजर चुकवतो. मुलाने असे काही कबूल केले तर आरडाओरड न करता मार्ग काढा. रात्री झोपताना मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत किंवा निदान भिंतीवरच्या फळीवर ठेवा. आणि हा नियम बापालाही लागू! बाप रात्री रील पाहत बसला तर पोराला सांगायचे कोणत्या तोंडाने?

संग्रहबल हे सर्वांत मोठे, आणि ते एकट्या घराचे काम नाही. संग्रह म्हणजे माणसे जोडणे. दान, प्रिय वचन, दुसऱ्याच्या हिताचे काम आणि सर्वांना समान लेखणे, या चार गोष्टींनी माणसे जोडली जातात. आपल्या वस्तीत विहार आहे, मंडळ आहे, जयंतीची कमिटी आहे. तिथे बोलके तेवढेच बोलतात आणि मुकी पोरे खुर्च्या लावून घरी जातात. रविवारच्या वंदनेनंतर दर आठवड्याला एका मुलाने किंवा मुलीने पाच मिनिटे काहीही वाचून दाखवावे, आणि कोणी हसायचे नाही, असा नियम का करू नये? बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपला समाज जमतो. तिथे पाणी वाटण्याचे, वाट दाखवण्याचे काम अशा मुलांकडे द्या. हाताला काम असले की तोंडाला शब्द सुचतात. कॉलेजातले राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर किंवा विद्यापीठाचा युवारंग महोत्सव, यांत मुलाने गाणे म्हटलेच पाहिजे असे नाही. पडद्यामागे राबला तरी तो माणसांत आला. शहरात खोली घेऊन स्वाधार योजनेवर एकटे शिकणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जेवायला बोलवा. त्या दोन भाकरींचे मोल फार आहे.

एवढे करूनही चारसहा आठवड्यांत फरक दिसला नाही, कॉलेज सुटण्याची वेळ आली, झोप आणि जेवण तुटले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका. बोलण्यातून करायचे उपचार आहेत, लागलीच तर औषधे आहेत, आणि त्यांनी पुष्कळांना गुण येतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार विभागात दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की पैसे न लागता, दिवसा किंवा रात्री, मराठीतून बोलता येते. जो मुलगा समोर बसून बोलू शकत नाही, त्याला पहिली पायरी म्हणून हा फोनच उपयोगी पडेल. पाहा, तोच मोबाइल आडोसाही होतो आणि दारही होतो! आणि मुलाने जगण्याचा कंटाळा आला, मरावेसे वाटते असा शब्द काढला, तर तो थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

शिका, असे आपण मुलांना सांगितले आणि ती शिकायला लागली. आता त्यांना चार माणसांत उभे राहता येईल अशी जागा करून देणे हे आपले काम आहे. या आठवड्यात आम्ही एकच काम सुचवतो. एका रात्री जेवताना सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवा, आणि मुलाला विचारा, "आज कॉलेजात काय झालं?" तो पहिल्या दिवशी "काही नाही" म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि तो बोलू लागला की मध्येच तोडू नका.

जयभीम!